गोठ्यातला वेबकॅम अडकतोय: वाययूवायव्ही, एमजेपेग की एच २६४?

रास्पबेरी पाय ३ या छोट्या संगणक-बोर्डाला साधा यूएसबी वेबकॅम लावला, चित्र दिसलं, पण ते अडखळतंय. अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरचा: कॅमेऱ्याचं चित्र नेटवर्कवर पाठवणारा एमजेपीजी-स्ट्रीमर काढून त्याच कामाचा यूस्ट्रीमर टाकू का? माझं सांगणं, जरा थांबा. कॅमेऱ्याकडून चित्र कोणत्या फॉरमॅटमध्ये घ्यायचं, ते आधी ठरवा. गाभण म्हशीवर रात्री नजर ठेवायला मी गोठ्यात असाच कॅमेरा लावला होता आणि माझ्या तीन रात्री नको तिथे शोधण्यात गेल्या.

व्हीफोरएल-युटिल्स हे पॅकेज टाकलं की कॅमेरा काय काय देऊ शकतो, याची यादी एका कमांडवर मिळते. बहुतेक वेबकॅम दोन फॉरमॅट देतात. वाययूवायव्ही म्हणजे कच्चं चित्र, एमजेपेग म्हणजे कॅमेऱ्यानेच दाबून दिलेलं.

कच्च्या चित्राचा हिशोब एकदा कागदावर मांडा. एका पिक्सेलला २ बाइट. ६४० बाय ४८० ची एक फ्रेम ६,१४,४०० बाइटची. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या की साधारण १४७ मेगाबिट झाले. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, मग अडचण कुठे? अडचण अशी की वेबकॅम सहसा आयसोक्रोनस पद्धतीने बोलतो, म्हणजे बसवर, यूएसबीच्या सामायिक वाटेवर, स्वतःसाठी वेळ राखून घेतो, आणि त्या एका वाटेने जास्तीत जास्त १९६ मेगाबिटच जातात. १२८० बाय ७२० ला ३० फ्रेमसाठी ४४२ मेगाबिट लागतील. ते बसतच नाही. म्हणून यादीत ७२० च्या कच्च्या चित्रासमोर बहुधा १० फ्रेम लिहिलेल्या दिसतात. कॅमेरा खराब नसतो, वाटच तेवढी अरुंद आहे.

आता दुसरा कॅमेरा लावा. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश येतो. मी तो वाचून मेमरी कार्डवरच्या फाइली पुसत बसलो होतो. त्याचा कार्डाशी काहीही संबंध नाही. बसवर राखायला वेळ उरला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाय ३ वर चारही पोर्ट आणि इथरनेट मिळून एकाच यूएसबी २.० वाटेने प्रोसेसरपर्यंत जातात, त्यामुळे कॅमेरा या पोर्टातून त्या पोर्टात घालून काही साधत नाही. पाय ४ वर निदान इथरनेटची वाट वेगळी आहे.

शिवाय कच्चं चित्र नेटवर्कवर पाठवायचं तर ते बोर्डालाच दाबावं लागतं आणि प्रोसेसर तापतो. तरीही ओपनसीव्ही या चित्र तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने चित्रातून काही मोजायचं किंवा ओळखायचं असेल, तर मी लहान आकारात वाययूवायव्हीच घेईन. दाबल्यामुळे येणारे चौकोनी डाग त्यात नसतात.

नुसतं बघायचं असेल तर मात्र एमजेपेग. प्रत्येक फ्रेम कॅमेराच दाबतो, बोर्ड ती जशीच्या तशी पुढे ढकलतो. फ्रेम १०० केबीची धरली, तर सेकंदाला ३० फ्रेमचे २४ मेगाबिट होतात. ब्राउझरमध्ये थेट दिसतं आणि उशीरही कमी लागतो. उणिवा दोन: आवाज नाही आणि नेटवर्कवर भार बराच. आणखी एक मेख आहे. काही कॅमेरे एमजेपेगमध्येही गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ राखून मागतात. यूव्हीसीव्हिडिओ या लिनक्सच्या वेबकॅम ड्रायव्हरला ‘क्वर्क्स’ या सेटिंगमध्ये १२८ द्या, असा सल्ला सर्रास मिळतो, पण तो उपाय फक्त कच्च्या फॉरमॅटला लागू पडतो. दोन कॅमेरे चालवायचे असतील तर विकत घेण्याआधी ते एमजेपेगमध्ये एकत्र चालवून बघा.

एच २६४ म्हणजे फ्रेमांमधला फक्त बदल साठवून व्हिडिओ खूपच लहान करणारी पद्धत. तिचा विचार तेव्हाच करा, जेव्हा लांबून मोबाइल डेटावर बघायचंय किंवा रेकॉर्डिंग साठवायचंय. पाय ३ आणि ४ मध्ये त्यासाठी हार्डवेअर एन्कोडर (चित्र दाबणारा वेगळा भाग) आहे, पाय ५ मध्ये नाही. असं चित्र सहसा ज्या आरटीएसपी पद्धतीने पाठवतात, ती ब्राउझर थेट दाखवत नाही, त्यामुळे मध्ये मीडियाएमटीएक्ससारखं सर्व्हर सॉफ्टवेअर बसवून, ब्राउझरला कळणाऱ्या वेबआरटीसी पद्धतीने चित्र द्यावं लागतं. घरातल्या घरात बघायला एवढा खटाटोप नको.

आता सॉफ्टवेअर. एमजेपेग जसंच्या तसं पुढे द्यायला एमजेपीजी-स्ट्रीमर आणि यूस्ट्रीमर दोन्ही चांगले, पण मी यूस्ट्रीमर घेतो. केबल हलून कॅमेरा सुटला तरी तो बंद पडत नाही. कॅमेरा परत आला की चित्र पुन्हा सुरू करतो. गोठ्यात, जिथे केबलला शेपटीचा फटका बसतो, तिथे हे फार मोलाचं आहे. फक्त तो आपणहून लोकलहोस्टवरच, म्हणजे त्याच बोर्डावरून आलेली मागणी, ऐकतो. सुरू करताना होस्ट ०.०.०.० (म्हणजे सगळ्यांचं ऐक) दिल्याशिवाय दुसऱ्या मोबाइलवर काही दिसणार नाही.

काही दुखणी फॉरमॅट बदलून जात नाहीत. पायची तब्येत सांगणाऱ्या व्हीसीजेनसीएमडी या कमांडला थ्रॉटलिंगबद्दल (वेग आपोआप कमी होण्याबद्दल) विचारल्यावर ०एक्स५०००५ असं उत्तर आलं, तर वीज कमी पडतेय. मोबाइलचा चार्जर काढा आणि ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा लावा. कॅमेऱ्याच्या यादीतलं व्हिडिओ१ उघडत नसेल तर घाबरू नका, लिनक्स कर्नल ४.१६ पासून एकाच कॅमेऱ्याचे दोन नोड (व्हिडिओ०, व्हिडिओ१ अशा नोंदी) दिसतात आणि दुसरा फक्त मेटाडेटाचा, म्हणजे चित्राबद्दलच्या माहितीचा असतो.

माझ्या तीन रात्री खाल्ल्या त्या अंधाराने. दिवसा ३० फ्रेम, दिवस मावळला की निम्म्यावर. कमी उजेडात कॅमेरा एक्सपोजर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) लांबवतो आणि त्यासाठी फ्रेम कमी करतो. ‘एक्सपोजर डायनॅमिक फ्रेमरेट’ हे कंट्रोल ० केलं (जुन्या कर्नलमध्ये त्याचं नाव ‘एक्सपोजर ऑटो प्रायॉरिटी’ आहे) आणि फ्रेम जागेवर आल्या, पण चित्र काळवंडलं. शेवटी गव्हाणीवर आणखी एक बल्ब लावला आणि ७२० ला एमजेपेग, सेकंदाला १० फ्रेम अशी मांडणी ठेवली. म्हैस उठते की बसते, एवढं पलंगावरून स्वच्छ दिसतं.