जुन्या गाडीत तीन जादा मीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी 1960 च्या दशकातली ब्रिटिश सलून, म्हणजे बंद छताची कौटुंबिक कार. मूळ डॅशबोर्डवर स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा आणि पाण्याच्या तापमानाचा काटा, एवढंच. तापमानाच्या काट्याला आकडे नाहीत. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच. ऑइल प्रेशरसाठी फक्त एक दिवा, आणि असे दिवे सहसा प्रेशर 10 पीएसआयच्याही (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पौंड दाब) खाली गेल्यावरच पेटतात. तोवर बेअरिंगचं व्हायचं ते नुकसान सुरू झालेलं असतं. म्हणून ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान आणि व्होल्टेज असे तीन 52 मिमीचे मीटर बसवले. कडक उन्हाळा आणि थंडीतल्या सकाळी दोन्ही त्यांच्यासोबत काढून झाल्या, तेव्हा आता खात्रीने लिहिता येईल.

पहिला निर्णय होता डॅशबोर्ड कापायचा नाही. लाकडी पॅनेलमध्ये होल सॉने 52 मिमीचं भोक पाडायला दोन मिनिटं लागतात, पण व्हिनिअरचा तो तुकडा परत कधीच बसत नाही. मी डॅशच्या खालच्या कडेला आधीपासून असलेल्या स्क्रूंवर तीन मीटरची पत्र्याची पट्टी टांगली. गाडी उद्या मूळ रूपात आणायची झाली तर अर्ध्या तासाचं काम. या सोयीची किंमत मात्र रोज मोजावी लागते. मीटर गुडघ्याजवळ येतात आणि ते बघायला नजर रस्त्यावरून बरीच खाली न्यावी लागते. पट्टी वरच्या बाजूला तिरकी वाकवल्यावर फरक पडला. त्याहून जास्त उपयोग झाला तो रेसच्या गाड्यांमधल्या एका जुन्या पद्धतीचा. प्रत्येक मीटर त्याच्या भोकात असा फिरवून बसवायचा की सगळं ठीक असताना काटा सरळ वर उभा राहील. मग आकडा वाचावा लागत नाही. तिन्ही काटे उभे दिसले की पुरे. तबकडीवरची अक्षरं तिरकी होतात, ती होऊ द्यावीत.

ऑइल प्रेशरचा मीटर मेकॅनिकल घ्यायचा की इलेक्ट्रिकल, यावर मी सर्वात जास्त वेळ दिला. मेकॅनिकल मीटर अचूक असतो, वीज लागत नाही, काटा लगेच हलतो. पण त्याच्यासाठी इंजिनातलं गरम तेल बारीक नळीतून थेट डॅशच्या मागे आणावं लागतं. ती नळी नायलॉनची असो वा तांब्याची, कधी फुटली तर तेल पायांवर आणि गालिच्यावर येणार. मला ते नको होतं, म्हणून इलेक्ट्रिकल. तापमानाचा मीटर मात्र मुद्दाम मेकॅनिकल घेतला. त्याच्या बारीक नळीत इंजिनचं पाणी येत नाही. टोकाच्या बल्बमधला सहज वाफ होणारा द्रव तापतो आणि त्याचा दाब काटा हलवतो. ही नळी कधीही कापायची किंवा मुडपायची नाही. उरलेली लांबी हाताएवढ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवायची. बसवण्याआधी बल्ब उकळत्या पाण्यात धरून पाहिला, काटा 100 च्या किंचित अलीकडे थांबला. उंचावर राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, दर 300 मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं.

आता आटे. या कामात खरा धोका मला इथेच वाटतो. सेंडरवर, म्हणजे इंजिनकडून इलेक्ट्रिकल मीटरला आकडा कळवणाऱ्या भागावर, बहुतेकदा 1/8 एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, आणि माझ्या इंजिनात 1/8 बीएसपी (ब्रिटिश मापाचे). एकात इंचाला 27 आटे, दुसऱ्यात 28; कोनही 60 आणि 55 अंश असे वेगळे. फरक इतका थोडा की चुकीचा सेंडर हाताने एक-दोन फेरे छान आत जातो आणि मग अडकतो. तिथे पाना लावून जोर केला तर ब्लॉकचे आटे गेलेच म्हणून समजा. किटबरोबर आलेला अडॅप्टर एनपीटीचाच होता. बीएसपीचा वेगळा आणावा लागला.

मूळ दिव्याचा स्विच काढायचा नव्हता, म्हणून पितळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही ठेवायचे होते. पण प्रेशरचा सेंडर डबीएवढा आणि वजनदार असतो. इंजिनच्या थरथरीत तो पितळी टीवर लोंबकळत राहिला तर टीला तडा जातो, आणि मग सगळं तेल रस्त्यावर. मी जाळीदार लवचिक होज वापरून सेंडर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) क्लिपने बसवला. असं केलं की सेंडरचा इंजिनशी धातूचा संबंध भरवशाचा राहत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र अर्थिंगची वायर हवीच. एका वायरीचा सेंडर अंगातूनच अर्थ घेतो. अर्थिंग कच्चं असेल तर काटा खोटं सांगतो, आणि माणूस पंप उघडायला बसतो.

मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे घ्या, हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. युरोपीय पद्धतीचे प्रेशर सेंडर साधारण 10 ते 180 ओहमचे, प्रेशर वाढलं की ओहम वाढतात. अमेरिकन पद्धतीचे 240 ते 33 ओहमचे, त्यांचं उलट. जोडी चुकली तर इंजिन बंद असताना काटा वर आणि चालू झालं की खाली, असा प्रकार दिसतो.

विजेच्या बाबतीत जुन्या ब्रिटिश गाड्यांची एक खास गोष्ट आहे. मूळ पेट्रोल आणि तापमानाच्या काट्यांना अनेकदा 12 व्होल्ट थेट मिळतच नाहीत. मध्ये स्टॅबिलायझरची डबी असते. आतली पट्टी तापून संपर्क तोडते-जोडते आणि सरासरी 10 व्होल्ट पुढे देते. जुने काटे संथ, त्यांना हे धक्के कळत नाहीत. नवे मीटर त्या तारेवर जोडले तर चुकीचं दाखवतील किंवा फडफडतील. मी इग्निशनवरून स्वतंत्र वायर घेतली, 3 अँपिअरचा फ्यूज टाकला, फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट. गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेली) असेल, आणि त्या काळातल्या कितीतरी आहेत, तर इलेक्ट्रॉनिक मीटर जोडण्याआधी तो पॉझिटिव्ह अर्थवर चालतो का ते नक्की करा.

वापरात सर्वात जास्त शिकवलं ते ऑइल प्रेशरने. थंड इंजिनावर काटा 60 च्या आसपास जातो, लांबच्या प्रवासानंतर सिग्नलला उभं असताना 20 वर येतो. सुरुवातीला ही घसरण बघून पोटात गोळा यायचा. पण तापलेलं तेल पातळ होतं, प्रेशर उतरणारच. मिनिटाच्या दर 1000 फेऱ्यांमागे सुमारे 10 पीएसआय हा ढोबळ हिशेब माझं इंजिन आरामात पूर्ण करतं. आता त्याचा नेहमीचा आकडा माझ्या अंगवळणी पडला आहे. उन्हाळ्यात गरम आयडलिंगचा आकडा हळूहळू उतरू लागला, तेव्हा तेल बदलायची वेळ झाल्याचं तारखेआधी समजलं. नवं तेल भरलं आणि काटा जागेवर आला. दिवा हे कधीच सांगू शकला नसता.

व्होल्टमीटरबद्दल मला फारशी आशा नव्हती, पण तोही कामाचा निघाला. अॅमीटर मुद्दाम टाळला, कारण त्यातून गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशच्या मागे फिरवावा लागतो आणि एक सैल नट आगीला कारण होऊ शकतो. व्होल्टमीटर नुसता समांतर जोडायचा. इंजिन बंद असताना चांगली चार्ज बॅटरी 12.6 च्या आसपास, चालताना 14 च्या जवळ. माझ्याकडे अजून डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र) आहे, त्यामुळे हेडलाइट लावून आयडलिंगला काटा 12 कडे झुकतो. ते डायनॅमोचं चालणंच आहे. पण एका संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावरही काटा 13 पार करेना. बोनेट उघडलं तर फॅनबेल्ट सैल. तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, तेव्हा वाचलं ते बॅटरीपेक्षा बरंच जास्त होतं.

तक्रारीही आहेत. मीटरमध्ये पांढरे एलईडी आले होते. रात्री डोळ्यांवर येतात, आणि गाडीच्या जुन्या ऱ्हिओस्टॅटने (डॅशचा उजेड कमी-जास्त करायच्या बटणाने) मंद होत नाहीत, कारण एवढ्याशा करंटवर त्याचा परिणामच होत नाही. खाचेत बसणारे साधे फिलामेंटचे बल्ब घातले, वर हिरव्या टोप्या चढवल्या, तेव्हा कुठे ते मूळ डॅशच्या उजेडाशी जुळले. व्होल्टमीटरच्या काचेत दमट हवेत बाष्प धरतं आणि गाडी तापल्यावर जातं. याच किमतीच्या वर्गात बेझलला (काचेभोवतीच्या कड्याला) नीट रबरी सील असलेले मीटर मिळतात, पुन्हा घेताना मी ते बघूनच घेईन.

चौथ्या जागी व्हॅक्यूम मीटर (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा) लावायचा विचार होता, तो सोडला. ट्यूनिंग करताना तो अतिशय उपयोगी आहे. निरोगी इंजिन आयडलिंगला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवतं, आणि काटा ठरावीक लयीत थरथरला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. पण चालवताना प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबला की तो इकडून तिकडे पळतो आणि बाकीच्या तीन उभ्या काट्यांवरून लक्ष उडवतो. तो मी होज लावून डिकीतल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे.