व्हॉल्व्हवरच्या चार टोप्या आणि डॅशबोर्डवरचे चार आकडे

गाडीच्या चारही टायरमधली हवा बसल्या जागेवरून दिसावी म्हणून मी बाहेरून लावायचा टायर प्रेशर मॉनिटर घेतला. प्रत्येक व्हॉल्व्हवर टोपीसारखा बसणारा एकेक सेन्सर, आणि डॅशबोर्डवर आगपेटीपेक्षा जरा मोठा, सौर पट्टीवर चार्ज होणारा डिस्प्ले. आता त्याने ऊन, पाऊस, थंडी सगळं पाहिलंय, तेव्हा मत द्यायला हरकत नाही. वस्तू कामाची आहे. फक्त खोक्यावर ज्या अलार्मचं कौतुक छापलंय, त्याच्याशी माझं फारसं काम पडलं नाही. मला उपयोग झाला तो चार आकडे शेजारी-शेजारी दिसण्याचा.

आमच्याकडे हवा तपासायची पद्धत म्हणजे बाबांचा बूट. चाकाला एक लाथ, मग ‘आहे, आहे, चल’. जुन्या टायरना ते चालत असेलही, पण हल्लीच्या रेडियल टायरची बाजू भरलेल्या हवेतही थोडी फुगलेलीच दिसते. पाच-सहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी असले तरी नुसत्या नजरेला कळत नाही आणि बुटाला तर नाहीच. तेवढ्या कमी हवेत टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकल्याने तापते, आणि भर वेगात टायर फुटतो त्यामागे बऱ्याचदा हीच उष्णता असते.

भावाच्या गाडीत कंपनीचीच सोय आहे, पण ती अप्रत्यक्ष जातीची. म्हणजे टायरमध्ये सेन्सर नाहीच. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फेरे घेतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, वेगमापक तेवढ्यावरून अंदाज बांधतात. हुशारी आहे, नाही म्हणत नाही. पण हवा भरली की दरवेळी रीसेटचं बटण दाबायचं, आणि चारही चाकं सारखीच उतरली तर त्याला पत्ता लागेलच असं नाही. शिवाय त्याचा तो पिवळा दिवा लागतो कधी? अमेरिकेत फायरस्टोन कंपनीच्या टायरमुळे झालेल्या अपघातांचं प्रकरण गाजल्यावर २००० साली कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. त्यातली अट अशी की हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेली की दिवा लागला पाहिजे. माझ्या गाडीच्या स्टिकरवर भरायचा दाब ३३ दिलाय. २५ टक्के म्हणजे जवळजवळ २५ पीएसआयवर येईपर्यंत सगळं आलबेल! युरोपात २० टक्के धरतात. तरी २६ होतातच. (तोच दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवा नाही, यंत्रणाच बिघडलीय असं समजायचं. भाऊ हे न वाचता उगीच हवा भरत बसला होता.)

तर माझा संच. प्रत्येक टोपीवर कुठल्या चाकाची ते कोरलेलं आहे, त्यामुळे बसवणं सोपं. चाकांची अदलाबदल केली की टोप्याही आपापल्या जागी परत लावायच्या, एवढंच. अलार्मच्या मर्यादा मात्र हाताने बदलाव्या लागल्या. कारखान्याने खालची मर्यादा २६ ठेवली होती. मी २८ केली. वरची ४४ केली, कारण गाडी पळाली की हवा तापून दाब वाढतोच. गार टायरमध्ये ३३ असेल तर महामार्गावर तासाभराने ३६-३७ दिसतात. पहिल्यांदा हे बघून घाबरायला होतं आणि हवा सोडावीशी वाटते. सोडू नये. स्टिकरवरचा आकडा गार टायरचा असतो. तो स्टिकर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर सापडेल; टायरवर कोरलेला दाबाचा मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा, भरायचा दाब नव्हे.

काही दिवस बघितलं की आकड्यांची भाषा कळायला लागते. ज्या बाजूला ऊन, तिकडची दोन चाकं एखाद्या पीएसआयने वर. थंडी पडली की सकाळी चारही खाली, कारण दहा अंशांच्या फरकाला दीड-पावणेदोन पीएसआय जातात. चारही एकत्र हलले तर हवामान. एकच हलला तर कान टवकारायचे.

आणि एकच हलला. परतीच्या वाटेवर तीन चाकं ३७ आणि मागचं डावं ३५. सकाळी गार असताना ३३, ३३, ३३, ३१. अलार्म अर्थातच गप्प. २८ अजून लांब होते. हवा भरली, तर थोड्याच दिवसांत पुन्हा तोच एकटा मागे. पंक्चरवाल्याने आधी टोपी काढून व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, बुडबुडा नाही. मग चाक उतरवून साबणाचं पाणी फिरवलं, तेव्हा नक्षीच्या खाचेत एक बारीक स्क्रू सापडला. डोकं रस्त्यावर घासून टायरच्या बरोबरीला आलेलं, चकचकीत. त्याच्याभोवती फेस एवढा हळू येत होता की नीट टक लावून बघावं लागलं. बाबा शेजारी उभे होते. ‘हे काय पंक्चर म्हणायचं?’ म्हणाले. पण हेच पंक्चर चालवत राहिलं असतं तर टायर आतून सोलला असता. या एका कामासाठी मी संचाला पैकीच्या पैकी गुण देते.

आता कागाळ्या. पहिली, तापमान. डिस्प्ले दाबाच्या खाली चाकाचं तापमानही दाखवतो आणि ते फसवं आहे. सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकावर, बाहेर वाऱ्यात. आतली हवा किती तापलीय ते त्याला नीट कळणार कसं? आतल्या बाजूला, रिमवर बसणारे सेन्सर याबाबतीत सरस. पण ते बसवायला टायर उतरवावा लागतो आणि पाच-दहा वर्षांनी आतला सेल संपला की बहुतेक वेळा अख्खा सेन्सर बदलावा लागतो.

दुसरी कागाळी गंभीर आहे. साध्या टोपीखाली व्हॉल्व्हची पिन मिटलेली असते, टोपी निघून पडली तरी हवा जात नाही. इथे दाब मोजायचा म्हणून सेन्सर पिन कायम दाबून धरतो. म्हणजे टायरची हवा आता टोपीतल्या एका रबरी वॉशरच्या भरवशावर! माझ्या संचातल्या एका टोपीत तो वॉशर तिरका बसून आला होता. बसवल्यावर साबणाच्या पाण्यात लगेच बुडबुडे आले. विक्रेत्याने टोपी बदलून दिली, पण आधी ‘सगळ्यांच्या बरोबर असतात’ हे ऐकवून. त्यामुळे बसवल्या दिवशी चारही ठिकाणी साबणाचं पाणी लावा, अजिबात आळस करू नका.

रबरी व्हॉल्व्हवर हे वजनही मला पटत नाही. हातात टोपी काहीच वाटत नाही, पण चाक फिरताना ती व्हॉल्व्हला सतत बाहेर ओढते आणि जुनं रबर बुडाशी चिरतं. मी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घेतले. धातूवर धातू गंजून टोपी चिकटू नये म्हणून आट्यांना ग्रीसचं बोट लावते.

सेल बदलणं सोपं आहे, सीआर १६३२ नावाचा नाण्याएवढा सेल कुठेही मिळतो. चोरी होऊ नये म्हणून टोपीखाली एक चपटा नट दिलाय, आणि खरी कटकट तीच. हवा भरायच्या ठिकाणी मागे रांग लागलेली असते आणि आपण वाकून चार नट सोडवतोय. शेवटी मी नट काढूनच टाकले, टोप्या नुसत्या हाताने घट्ट पिळते. ज्यांची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते त्यांनी ते ठेवावेत आणि सोबतचा पाना दाराच्या कप्प्यात टाकावा, डिकीत नाही.

स्टेपनीला पाचवी टोपी या संचात नाही. तिची हवा अजूनही गेज लावूनच बघावी लागते.