कंपनीचा डबा की स्वतंत्र राउटर? माळवदाच्या घरातला अनुभव

आमचे घर अंबाजोगाईच्या जुन्या भागातले, माळवदाचे. दगडमातीच्या रुंद भिंतींमुळे ते उन्हाळ्यात गार राहते, पण वायफायला त्याच भिंती जड जातात. फायबर ओसरीतून आत येते, म्हणून मॉडेम आणि राउटर एकत्र असलेला कंपनीचा डबा तिथेच भिंतीला बसवला गेला. ओसरीत वेग भरपूर मिळे. माजघरात 5 गिगाहर्ट्झचे (वेगवान, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होणारे) नेटवर्क दिसेनासे होई आणि मागच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन वर्ग सारखा अडखळे.

उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतंत्र राउटर घेतला. आता पावसाळाही सरला आहे, त्यामुळे ठामपणे लिहितो.

फरक पडला तो मुख्यतः जागेमुळे. फायबरची तार फार वाकवता येत नाही आणि तिचा सांधा घरच्या घरी जोडता येत नाही, म्हणून डबा हलवणे अवघड. लॅनची केबल मात्र 100 मीटरपर्यंत हवी तिथे नेता येते. आम्ही ती चौकटीच्या कडेने माजघरात नेली आणि राउटर उंच फळीवर ठेवला. कोनाडा सोयीचा वाटतो, पण तिथे तिन्ही बाजूंनी भिंत येते, म्हणून तो टाळला. मागच्या खोलीचे दार उघडे असले की आता 5 गिगाहर्ट्झ चालतो. दार लावले की फोन 2.4 गिगाहर्ट्झच्या, म्हणजे हळू पण लांब पोचणाऱ्या नेटवर्कवर उतरतो, पण वर्ग तुटत नाही.

जोडणी नीट करून घेणे फार महत्त्वाचे आहे. डबा ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करून) पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या लॉगिनचे, नाव व पासवर्ड राउटरमध्ये भरावेत, म्हणजे दुहेरी नॅटची (दोन यंत्रांनी एकामागे एक पत्ते बदलण्याची) भानगड राहत नाही. कंपनी ब्रिज मोड देत नसेल तर राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, चालवावा. लँडलाइन त्याच डब्यावर असेल तर ती सुरू राहील ना, हे आधी विचारून घ्यावे. राउटरची पोर्ट गिगाबिट (1000 एमबीपीएसची) आहेत का, हेही पाहावे, कारण 100 एमबीपीएसच्या पोर्टवर 200 चा प्लॅन वाया जातो.

वीज गेल्यावर दोन्ही यंत्रे चालू राहायला हवीत, म्हणून यूपीएस घेताना दोन्ही अडॅप्टरचे व्होल्ट व अँपिअर वाचून घ्यावेत. तक्रार करताना मात्र त्रास झाला. नेट बंद पडले की तंत्रज्ञ आधी आमच्या राउटरवर बोट ठेवी. डब्यावरचा एलओएसचा (फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर दोष फायबरच्या बाजूचा असतो, राउटरचा नव्हे. तो नसेल तर मी लॅपटॉप थेट डब्याला लावून त्यावरूनच पीपीपीओई जोडून पाहतो, आणि तरीही नेट आले नाही की राउटरचा वाद तिथेच संपतो.

दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, जिथे डबा मधोमध बसवता येतो, तिथे हा खर्च करू नये. नवी जोडणी घेत असाल तर तार ओढतानाच तेवढी जागा सांगून ठेवा.