बोटीच्या ट्रेलरचे सर्ज ब्रेक : हिडकल जलाशयावर काही महिने वापरल्यानंतर

हिडकलच्या जलाशयात मासेमारीसाठी लागणारी फायबरची बोट बेळगावहून ने-आण करण्याकरिता गेल्या पावसाळ्यानंतर सर्ज ब्रेक असलेला ट्रेलर घेतला आणि तेव्हापासून तो बोलेरोमागे नियमित चालू आहे. रस्त्यावर त्याच्याविषयी तक्रार नाही. वंटमुरीच्या घाटात उतरताना आधीच्या बिनब्रेकच्या ट्रेलरचा गाडीला मागून जो रेटा बसत असे, तो आता बसत नाही. अडचण आहे ती ट्रेलर मागे घेताना.

या ब्रेकचा गाडीच्या पेडलशी थेट संबंध नसतो. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर आपल्या वजनाने पुढे रेटतो, हुकाजवळचा सरकता भाग आत जातो, ब्रेक ऑइलवर दाब आणणारा मास्टर सिलिंडर दाबला जातो आणि ब्रेक लागतात. रिव्हर्समध्ये गाडीच ट्रेलरला मागे ढकलते, तो भाग तसाच आत जातो आणि चाके धरतात. गंमत अशी, की पाण्याकडे चांगला उतार असेल तिथे ट्रेलर स्वतःच मागे ओढला जातो, त्यामुळे ब्रेक लागतच नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर मात्र काठावरची सपाट, दगडमातीची बरीच जागा मागे मागे जात ओलांडावी लागते आणि खरा त्रास तिथे होतो.

माझ्या ट्रेलरला डिस्क ब्रेक असल्यामुळे यावर उपाय म्हणून विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवलेला आहे. रिव्हर्स लाइटचा १२ व्होल्टचा प्रवाह मिळाला की तो चाकांकडे जाणारी ब्रेक ऑइलची वाट बंद करतो. कल्पना उत्तम आहे, जोडणी मात्र विचार न करता केलेली होती. व्हॉल्व्हची वायर दिव्यांच्याच प्लगमधून दिली होती आणि ट्रेलर पाण्यात उतरवण्यापूर्वी दिवे वाचावेत म्हणून आपण सर्वजण तो प्लग काढून ठेवतो. प्लग काढला की व्हॉल्व्हही मेला! ऑटोनगरमधील एका वायरमनकडून रिव्हर्स लाइटपासून फ्यूजसह स्वतंत्र वायर आणि वेगळा सॉकेट करून घेतला, तेव्हा निम्मी कटकट संपली.

उरलेली निम्मी वेगळ्या कारणाची होती. उतारावर पुढे जाताना ब्रेक लावून थांबलो आणि लगेच रिव्हर्स टाकला, तर आधीच चढलेला दाब व्हॉल्व्ह बंद होताच चाकांच्या बाजूला अडकून पडतो आणि ब्रेक सुटत नाहीत. अशा वेळी रिव्हर्स काढून गाडी हातभर पुढे घ्यावी, हुकावरचा ताण सैल होऊ द्यावा आणि मगच रिव्हर्स टाकावा.

एवढे करूनही चाके धरत असतील, तर तपासणी पुढील क्रमाने करावी. इंजिन बंद ठेवून, चावी चालू करून रिव्हर्स टाकावा आणि व्हॉल्व्हजवळ कान द्यावा. ‘टक्’ असा आवाज आला नाही, तर सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा. लॅम्प पेटतो पण व्हॉल्व्ह गप्प आहे, असे असेल तर अर्थिंगचा गंजलेला बोल्ट आधी घासून घ्यावा. आवाज येऊनही चाक जाम असेल, तर गाडीच्या चाकांना दगड लावून ट्रेलरचे ते चाक जॅकवर उचलावे आणि ब्लीड निपल (ब्रेकमधली हवा काढण्याचा स्क्रू) किंचित सैल करावे. ऑइल जोरात उडून चाक मोकळे झाले, तर दाब व्हॉल्व्हमध्ये किंवा आतून फुगलेल्या रबरी नळीत अडकला आहे असे समजावे. तरीही चाक फिरले नाही, तर गाळ आणि गंज यांनी कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखा पकडणारा भाग, धरला आहे. निपल सैल केल्यावर हवा काढून ऑइलची पातळी भरणे अर्थातच आले.

सरकता भाग आत जाऊ नये म्हणून मध्ये अडकवण्याची पोलादी पिन मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून करून घेतली आहे. वीज दगा देईल तेव्हा तिचाच आधार असतो, मात्र पिन तशीच राहिली तर घाटात ट्रेलरला ब्रेकच नसतो, म्हणून तिला लाल फडके बांधून ठेवले आहे. नवीन ट्रेलर घेणाऱ्याने ड्रम ब्रेकमधील उलटे फिरताना आपोआप सुटणारा प्रकार मिळतो का, हे आधी विचारावे. त्याला वायरच लागत नाही. डिस्कचाच घ्यायचा असेल, तर व्हॉल्व्हचा सॉकेट दिव्यांपासून वेगळा करून मागावा.