टाकीला टांगायचे रिफ्युजियम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी २०० लिटरची प्रवाळटाकी आहे. तिच्याखाली सम्प (पाणी गाळण्याची जोडटाकी) बसवायला जागा नसल्याने मागच्या काचेवर टांगायची, सुमारे १० लिटर पाणी मावणारी ॲक्रिलिकची रिफ्युजियम पेटी (शेवाळ वाढवून पाणी स्वच्छ ठेवण्याचा वेगळा कप्पा) एका स्थानिक दुकानातून १२० डॉलरना घेतली. सोबत छोटा पंप, लाल-निळा एलईडी दिवा आणि मूठभर चेटोमॉर्फा (थोडक्यात चेटो) हे समुद्री शेवाळ मिळाले. खोक्यावर ‘प्रवाळांची झपाट्याने वाढ’ असे ठळक छापले होते, आणि तो दावा कितपत खरा आहे, हे पाहणे हाच माझ्या नोंदी ठेवण्यामागचा हेतू होता.

चेटो म्हणजे भांड्यांच्या घासणीसारखा हिरव्या तंतूंचा गुंता. ते खडकाला चिकटत नाही, त्यामुळे पेटीत निमूट राहते. माशांच्या खाद्यातून व विष्ठेतून तयार होणारे नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून ते वाढते. मात्र वाढलेले शेवाळ कापून टाकीबाहेर काढले तरच ही द्रव्ये खऱ्या अर्थाने बाहेर जातात, अन्यथा आतला, उजेड न पोहोचणारा भाग कुजून सगळे पाण्यात परत येते. मी दर दुसऱ्या रविवारी साधारण एक तृतीयांश गोळा कापत असे. दहा आठवड्यांत नायट्रेट ४० पीपीएमवरून ८ वर आणि फॉस्फेट ०.२२ वरून ०.०५ वर उतरले.

दिवा मुद्दाम रात्री, टाकीचे दिवे मालवल्यावर लावला. रात्री टाकीतले सर्व जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि सामू घसरतो. त्याच वेळी प्रकाशात असलेले चेटो तो वायू वापरते. हिवाळ्यात खिडक्या बंद असताना पहाटेचा सामू ७.८ च्या आसपास असे, तो ८.० पर्यंत टिकू लागला. सामू बरा असला की प्रवाळांना सांगाडा रचणे सोपे जाते आणि फॉस्फेट जास्त असले की त्याच कामात अडथळा येतो, म्हणून दोन्ही बाजूंनी फायदाच झाला. प्रवाळांची वाढ मी डोळ्यांपेक्षा अल्कलिनिटीवरून, म्हणजे सांगाडा रचताना प्रवाळ वापरतात त्या पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणावरून मोजतो. चेटो चुनखडीचा सांगाडा बांधत नाही, त्यामुळे अल्कलिनिटीची घट मुख्यतः प्रवाळांच्या खात्यावर जाते. ती दिवसाला ०.४ डीकेएच (अल्कलिनिटीचे एकक) होती, तिसऱ्या महिन्यात ०.९ झाली आणि माँटिपोरा या दगडी प्रवाळाच्या कडेला वाढीची पांढरी किनार स्पष्ट दिसू लागली.

जानेवारीत मात्र तीच किनार नाहीशी झाली. नायट्रेट शून्यावर गेले होते आणि माँटिपोराचा तपकिरी रंग फिकट, धुतल्यासारखा झाला होता, कारण प्रवाळांच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही नायट्रोजन लागतो आणि चेटोने त्याच्या ताटातलेही पळवले होते. रात्रीचा दिवा दहा तासांवरून सहा तासांवर आणला, माशांना थोडे जास्त खाद्य दिले, तेव्हा पाच आठवड्यांनी रंग परतला. खोक्यावरच्या माहितीत याबद्दल चकार शब्द नाही.

दुसरी अडचण दुकानातून आलेल्या शेवाळाचीच निघाली. चेटोच्या गुंत्यात कॉलर्पा या दुसऱ्या समुद्री शेवाळाचा बोटभर धागा होता. त्याचा तुकडा फणीतून (पेटीतले पाणी टाकीत परत जाते त्या दातेरी गाळणीतून) निसटून टाकीत पोहोचला आणि महिन्याभरात स्टायलोफोरा या प्रवाळाच्या बुंध्यावर चढला. जिथे तो टेकला होता, तिथली ऊती पांढरी पडली. शेवाळ सावली धरते, घासते, काही जातींची रसायने प्रवाळाला स्पर्शातूनच इजा करतात, शिवाय शेवाळातून झिरपणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांवर प्रवाळाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू माजतात. जमैकाभोवतीच्या समुद्रात हेच प्रचंड प्रमाणावर घडले: १९८३ च्या सुमारास शेवाळ खाणारे काटेरी समुद्री प्राणी, अर्चिन, रोगाने मेले आणि आधीच वादळाने व मासेमारीने खंगलेल्या प्रवाळभित्तींवर शेवाळाने कब्जा केला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस ५० टक्क्यांहून अधिक असलेले प्रवाळांचे आच्छादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांखाली आले. पेटीतले शेवाळ आणि खडकावरचे शेवाळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दुकानदाराला सांगितले, तर ‘निसर्गातून आलेला माल आहे, असे चालायचेच’ एवढेच उत्तर मिळाले.

भारतातील वाचकांसाठी एक सूचना: तिथे दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून वरचा अनुभव तिथे फक्त खाऱ्या पाण्यातील माशांच्या टाकीपुरता उपयोगी समजावा.

पेटीच्या बांधणीबद्दल मोठी तक्रार फणीविषयीच आहे. दाते इतके बारीक आहेत की सुटलेले तंतू त्यांत अडकतात, पाण्याला परतीची वाट राहत नाही आणि पंप मात्र भरतच राहतो. एकदा सकाळी लाकडी जमिनीवर दोन-तीन लिटर खारे पाणी पसरलेले सापडले. आता फणीच्या आत प्लॅस्टिकची जाड जाळी लावली आहे आणि पाण्याचा पिवळेपणा व सेंद्रिय द्रव्ये काढण्यासाठी टाकीत सक्रिय कोळशाची पिशवी ठेवतो, जी महिन्याला बदलतो. ज्यांच्याकडे सम्प आहे त्यांनी ही पेटी घेऊ नये. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी घ्यावी. पण चेटो आधी वेगळ्या बादलीत आठवडाभर ठेवून, हाताने धागा न् धागा सोडवून पाहावे.