सात महिने ‘९५’ टाकलं, त्याचा हिशोब

गेल्या ऑक्टोबरात खंबाटकी चढताना इंजिनातून टकटक यायला लागली. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. गाडी दोनशे सीसीची, कॉम्प्रेशन ११:१ (म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण अकराव्या हिश्शात दाबलं जातं), आठवड्यापूर्वीच सर्व्हिसिंग झालेली. सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरने गाडीला हात न लावताच निकाल दिला, "सर, हाय कॉम्प्रेशन इंजिन आहे, ९५ टाका."

टाकलं. हे ९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, साध्यापेक्षा लिटरमागे सात रुपये जादा, महिन्याला २५ लिटर, म्हणजे १७५ रुपये. मी पेट्रोलची वही ठेवतो, हसायचं असेल तर हसा.

पहिल्या महिन्यात टकटक जवळपास थांबली. मी इतका खूश की ऑफिसातल्या मित्रालाही ९५ चालू करायला लावलं. त्याची साधी शंभर सीसीची गाडी, तिला त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्याची माफी मागायची राहिलीय.

वही मात्र वेगळंच सांगत होती. साध्यावर ॲव्हरेज ३६, ९५ वरही ३६. पिकअप तोच. जानेवारीत एकदाचं मॅन्युअल उघडलं तर त्यात चक्क ९१ ऑक्टेन लिहिलेलं, म्हणजे साधं पेट्रोल चालतं! ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल ठिणगीच्या जाळाआधी आपणहून पेटत नाही, त्या सोसण्याचं ते माप. जास्त ऑक्टेनचा फायदा उचलायचा तर ठिणगीची वेळ आवाज ऐकून पुढे-मागे करणारा नॉक सेन्सर लागतो. माझ्या गाडीत तो नाहीच. (अमेरिकेतला मावसभाऊ म्हणाला, "आम्ही तर ८७ टाकतो." तिथं पंपावर दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी लिहितात, त्यांचं ८७ म्हणजे आपल्या मापाने साधारण ९१.) शिवाय हल्ली साध्यातही २० टक्के इथेनॉल, आणि त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर. त्याने ॲव्हरेज पडतं ही तक्रार खरी, पण टकटक त्याने वाढायचं कारण नाही.

आणि पंपावरचा तो प्रश्न! "पॉवर टाकू ना?" (पॉवर म्हणजे असंच महागडं पेट्रोल.) यातलं ‘ना’ मला सहन होत नाही. एकदा तर "साधं बंद आहे" म्हणाला, आणि शेजारच्या नोझलवर रिक्षावाला साधंच भरत होता. सात महिने स्वतःहून ९५ मागत होतो, तरी त्या ‘ना’ने डोकं फिरायचंच.

एप्रिलच्या उन्हात ९५ वरही टकटक परत आली. आता १०० टाकायचं, लिटरला १६० च्या आसपास? गाडी गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने विचारलं, "दादा, गाडी बंद केल्यावर फॅन किती वेळ फिरतो?" खूप वेळ फिरायचा. मला वाटायचं उन्हाळा आहे. त्याने थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दिसतच नव्हतं. एक क्लिप सैल, तिथून थेंब थेंब जात होतं. इंजिन तापायचं, तापलं की पेट्रोल अवेळी पेटायचं, आणि ९५ ते इतके दिवस झाकून ठेवत होतं.

क्लिप आणि कूलंट मिळून ३८० रुपये. रविवारी साधं भरून खंबाटकी चढलो, तिसऱ्या-चौथ्या गिअरला मुद्दाम ओढून बघितलं. आवाज नाही.

ऑक्टोबरचं बिल शोधलं. त्यात ‘कूलंट टॉप-अप, १८० रुपये’ आहे. सुपरवायझर म्हणाला, "पुढच्या सर्व्हिसिंगला ॲडजस्ट करू." वहीत त्यांच्या नावावर ‘येणे’ लिहून ठेवलंय: ९५ चे १,२२५ आणि न घातलेल्या कूलंटचे १८०.