उजनीच्या गळाला तंगूस की ब्रेडेड?

करमाळ्याचा भाचा परवा सोलापुरात आला तो हाच प्रश्न घेऊन. "मामा, उजनी धरणावर शिंगाळा माशासाठी ब्रेडेड दोरा घेऊ, का आपला तंगूसच बरा?"

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकसंध दोरा, ब्रेडेड म्हणजे बारीक धागे विणून केलेला. पैशात तंगूस सरळ स्वस्त. पण तो उन्हाने कमजोर होतो, रिळावरच्या वळ्या धरून बसतो. आपल्याकडचा उन्हाळा सोसल्यावर मी तो दरवर्षी बदलतो. ब्रेडेड महाग असला तरी वर्षानुवर्षे चालतो.

खरा फरक ताणाचा. तंगूस चांगलाच ताणतो, त्यामुळे मोठ्या माशाची धडक सोसून घेतो. ब्रेडेड जवळपास ताणतच नाही. लांबवर माशाने नुसतं तोंड लावलं तरी हाताला कळतं, पण ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट असेल तर गळ तोंड फाडून निसटतो. तेवढ्याच ताकदीचा ब्रेडेड खूप बारीक असतो, म्हणून लांब जातो.

घासण्यात मात्र उलटं. उजनीच्या पाण्याखाली खोडं आहेत, जुन्या गावांच्या भिंती आहेत. ताणलेला ब्रेडेड दगडाला घासला की गेलाच. जाड तंगूस तग धरतो. आणि अडकलेला ब्रेडेड उघड्या हाताने कधीच ओढू नका, बोटं चिरतात. काठीला गुंडाळून ओढा.

काठावर बसून चिलापी, रोहू धरणाऱ्या नवशिक्याने तंगूसच घ्यावा. लांब टाकून शिंगाळा धरायचा असेल तर ब्रेडेड, पण गळाकडे दोन मीटर जाड तंगूस जोडून. समुद्रात मुशी धरणारेही ब्रेडेडपुढे जाड तंगूस लावतात, शिवाय दातांसाठी तार. भाच्याला मी हीच जोडी बांधून दिली.